बाबांच्या टेपवरचं ‘या’

बाबा गेल्यानंतर आमच्या घरात त्यांचा आवाज जास्त येऊ लागला. असं सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात, म्हणून आधीच सांगते, भूतबीत काही नव्हतं, टेपरेकॉर्डर होता. आई म्हणायची, भूत परवडलं असतं, त्याच्यावरून निदान लिंबू तरी उतरून टाकता येतं. जिवंतपणी बाबा घरात बोलायचे ते ‘मीठ दे’, ‘खिडकी लाव’, एवढंच. दिवसभर ते कारखान्याच्या प्रयोगशाळेत, आणि शुक्रवार-शनिवारी नदीपलीकडे मानहाइमच्या अमेरिकन सैनिकांच्या क्लबांत. लुडविग्सहाफेनमधल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात ते असायचे ते बहुतेक वेळा खिडकीशी उभे. खिडकीतून कारखान्याच्या चिमण्या दिसायच्या, वारा तिकडून सुटला की आई धावत जाऊन बाल्कनीतलं धुणं आत घ्यायची, आणि कारखान्याची घरघर अहोरात्र चालू असायची. मी त्या घरघरीत वाढले. अजूनही फार शांत जागी मला करमत नाही.

माउथ ऑर्गन म्हटला की आपल्या लोकांना सहलीच्या बसमध्ये सिनेमाची गाणी वाजवणारा एखादा हौशी मामा आठवतो. बाबांचं वाजवणं तसलं नव्हतं हो. एक मुठीएवढा मायक्रोफोन ते बाजाला चिकटवून धरायचे, दोन्ही तळहातांत दोन्ही कोंडायचे, आणि ॲम्प्लिफायरमधून जो आवाज यायचा तो फाटका, घोगरा, अंगावर येणारा. ब्लूज. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं हे संगीत त्यांना शिकवलं ते छावणीतल्या एका काळ्या सार्जंटने, आणि बदल्यात बाबांनी त्याच्या मुलाला रसायनशास्त्र शिकवलं. तिकडे सगळे त्यांना डॉक म्हणत, डॉक्टरेट होती म्हणून. एकाही पोस्टरवर सुधाकर हे नाव नाही. मी लहानपणी शाळेत सांगायचे की माझे वडील केमिकर, म्हणजे रसायनतज्ज्ञ, आहेत. ते ब्लूज वाजवतात हे सांगायची मला लाज वाटायची, आणि त्यांच्यासारखा बाप दुसऱ्या कुणाचा नाही याचा गर्वही वाटायचा. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

मिरजेला मात्र वेगळीच तऱ्हा. आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, पेटीवादक. गवयांच्या साथीला बसायचे, आणि उरलेल्या वेळात गावभरच्या पेट्या दुरुस्त करायचे. चांगल्या पेटीत जर्मन सूर, म्हणजे आतल्या पितळेच्या पट्ट्या, असतात, हे तुम्हाला माहीत असेलच. ज्या देशातून सूर येतात त्या देशात आपला मुलगा निघाला म्हणून आजोबांनी गल्लीत पेढे वाटले होते. आणि मग कळलं की मुलाने सूर पेटीतून काढून तोंडात घातला. “उष्टं वाद्य!” आजोबा म्हणाले. “वाजवून झालं की धुऊन ठेवावं लागतं. भांडं आहे की वाद्य?” हे एक वेळ निभावलं असतं. पण आजी गेली तेव्हा बाबा आईलाही घेऊन कुठल्याशा लांबच्या गावी वाजवायला गेले होते, तार आमच्या दाराच्या फटीत पडून राहिली, आणि ते मिरजेला पोचले तेव्हा दिवसकार्यही उरकलं होतं. दारातच आजोबा म्हणाले, “आता कशाला आलास?” बाबा पाण्याचा घोटही न घेता परत फिरले. त्यानंतर बापलेक एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. आई फोन लावायची, “अण्णा, या ना एकदा इकडे,” म्हणायची, आणि आजोबांचं उत्तर ठरलेलं, “सुधाकरनं म्हणू दे. त्यानं तोंडानं एकदा ‘या’ म्हटलं की पुढच्या विमानात बसतो.” आई रिसीव्हर बाबांपुढे धरायची. बाबा खिडकीबाहेर बघायचे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसले दोघं.

शेवटी आजोबा आले ते बाबांना जाऊन वर्ष उलटल्यावर, आणि तेही आईने तिकीटच पाठवलं म्हणून. बोलावणारा नव्हता, आले ते आमच्यासाठी. विमानतळावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, “नाक आमचंय.” मी तेव्हा सतरा वर्षांची, नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन फिरणारी, मराठी सगळं समजायचं पण तोंडातून जर्मनच बाहेर पडायचं. आजोबांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, “माझ्याशी मराठीत बोल, नाहीतर गप बस.” गप बसणं मला कधीच जमलं नाही, म्हणून मराठी आली. आज मी जे काही लिहिते-बोलते ते आजोबांचं आहे, त्यात मिरज डोकावते, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. माझा मुलगा रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे, फोनवर मी अर्धा तास मराठीत बोलले की तो अधूनमधून ‘गेनाऊ’ म्हणतो, म्हणजे ‘अगदी बरोबर’. त्याला असे आजोबा मिळाले नाहीत, काय करणार.

माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे मी आजोबांना अरे-तुरे करायची. जर्मनमध्ये घरच्या माणसाला एकच शब्द, लहान असो की मोठा, आणि मी तोच हिशेब मराठीला लावलेला. “आजोबा, जेवायला ये!” मी स्वयंपाकघरातून ओरडायची. आजोबा जागचे हलायचे नाहीत. “कुत्र्याला बोलावतेस का गं? मोठ्या माणसाला ‘या’ म्हणायचं. ‘ये’ धाकट्याला.” “मग आईला?” “आईला ‘ये’.” “ती मोठी नाही?” “आई आई असते. आईला, देवाला ‘ये’ चालतं. बापाला ‘या’.” “का?” “का म्हणजे? बाप आहे तो!” हे सगळं आमटी निवत असताना. आईने कोकम घालून केलेली आमटी, भात, आणि रविवारी श्रीखंड, ते इथल्या क्वार्कचं. क्वार्क म्हणजे आयता चक्का हा शोध आईने लावला होता. आजोबांनी पहिला घास घेतला आणि “देश सुधारलेला आहे” असा निकाल दिला.

आणि मग फ्राऊ केसलरचं प्रकरण झालं. ही बाई आमच्या खालच्या मजल्यावर राहायची, दुपारच्या शांततेच्या वेळेत आमच्याकडे चमचा पडला तरी झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. आजोबा एकदा फिरून येत होते, तिचं दार किलकिलं होतं, आणि ती आत पॅसेजमध्ये फोनवर बोलत होती. “या… या, या!” आजोबांनी बूट काढले, आत गेले आणि सोफ्यावर बसले. मला बोलावून न्यायला लागलं. फ्राऊ केसलर रिसीव्हर छातीशी धरून भिंतीला टेकलेली, आणि आजोबा मांडी घालून निवांत. “बाईंनी तीनदा ‘या’ म्हटलं,” ते मला म्हणाले. “एवढा आग्रह केल्यावर न जाणं बरं दिसतं का?” मी त्यांना सांगितलं की जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे हो. जिन्यात त्यांनी थांबून त्यावर विचार केला. आईला मात्र ती गोष्ट सांगताना हसू आवरेना. बाबा गेल्यापासून ती तशी हसली नव्हती.

त्याच हिवाळ्यात डीटर घरी यायला लागला. डीटर म्हणजे बाबांच्या बँडचा जुना ड्रमवाला, बोकडासारखी दाढी, आणि आता त्याची स्वतःची एक छोटी रेकॉर्ड कंपनी होती, म्हणजे एक खोली आणि एक स्टुडिओ. त्याने ठरवलं होतं की डॉकच्या साऱ्या कारकिर्दीतलं निवडक वाजवणं एकत्र काढायचं, तीन तबकड्यांचा संच. छावणीतल्या क्लबात कुणीतरी टेबलाखाली टेप ठेवून केलेल्या पहिल्यावहिल्या रेकॉर्डिंगपासून ते अगदी शेवटच्या, आजारपणातल्या दिवसापर्यंत. कॅसेटींवर नकला करून तो एक खोकंभर घेऊन आला. “तुम्ही ऐका, काय ठेवायचं ते सांगा. घरच्यांच्या परवानगीशिवाय मी एक सूरही छापणार नाही,” तो म्हणाला. आईने खोक्याकडे बघितलं आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मला म्हणाली, “तू ऐक. मला नाही जमणार. त्यात यांचा श्वास ऐकू येतो.”

खरंच यायचा. तोच तर छळ होता. हे वाजवणं बरंचसं श्वास आत ओढून करायचं असतं. गाणं सुरू व्हायच्या आधी बाबा एकदा घशातून खाकरायचे, नाकाने हवा घ्यायचे, आणि तो आवाज मी ओळखायची. बाथरूमच्या दारामागून, गाडी चालवताना, माझी प्रगतिपुस्तकं बघताना तो ऐकला होता. पहिल्या दिवशी मी प्ले दाबलं आणि तो श्वास आला तशी मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं, खुर्चीवर माझाच कोट टाकलेला होता. मी ओरडले नाही, उठून तो कोट कपाटात टाकला. शाळेतून आल्यावर रोज मी ऐकायची, मोठ्याने, फ्राऊ केसलरच्या नाकावर टिच्चून. आणि गंमत म्हणजे तिने एकदाही छत ठोकलं नाही. जिन्यात भेटली तेव्हा हलकेच म्हणाली, “ते परत आल्यासारखे वाटतात, नाही?” मला तिचा फार राग आला, कारण मला तेच वाटत होतं.

आजोबा पहिले काही दिवस आतल्या खोलीत जाऊन बसायचे. “मला नको ते पिपाणीचं कौतुक.” मग दार थोडं उघडं राहायला लागलं. मग पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर येणं. एके दिवशी मी एक संथ गाणं लावलं होतं, बाबा एकच सूर धरून तो खाली खाली ओढत नेत होते, आणि आजोबा हातात पेला तसाच धरून माझ्या मागे येऊन उभे राहिले. “मागे घे,” म्हणाले. मी मागे घेतलं. “परत.” परत लावलं. “मिने, ही मींड आहे.” मला मींड म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आजोबांनी गाऊन दाखवलं, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. “पेटीतून हे निघत नाही. सूर ठोकळ्यासारखे सुटे सुटे. गवयांनी जन्मभर मला हेच ऐकवलं, पेटीवाल्या, तुझ्या डब्यात मींड नाही. होय की, नाही, काय करू? आणि हा बघ. तोच सूर, तीच पितळेची पट्टी. ह्यानं छातीचा भाता केला आणि तिला वाकवली.” ते खाली बसले, पेला सतरंजीवर ठेवला. “मला कधी दाखवलं नाही गाढवानं,” असं म्हणाले आणि रडायला लागले. मी कधी म्हातारा माणूस रडताना बघितला नव्हता. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्यानंतर ऐकणं आमच्या दोघांचं झालं. काय ठेवायचं ते आजोबा ठरवायचे. “हे ठेव, हे टाक, इथं ढोलकंवाला घाई करतोय,” म्हणजे डीटर. आणि असं ऐकत ऐकत आम्ही शेवटच्या कॅसेटवर आलो. डीटरच्या स्टुडिओतला तो दिवस, ज्यानंतर बाबा इस्पितळात गेले आणि परतले नाहीत. एक गाणं संपतं. मग नुसती शांतता. खुर्ची करकरते. बाबांचा श्वास येतो, जड, मधेच अडकणारा. पुन्हा शांतता, इतकी लांब की मला वाटलं टेप संपली. आणि मग बाबांचा आवाज, बाजा नाही, आवाज. “या.” थोडं थांबून, आधीपेक्षा मऊ, “या… या.” लगेच पुढचं गाणं सुरू. हल्ली फोनवर हे सगळं ऐकता येतं, परवा एश्बॉर्नहून एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बसले तेव्हा मी शोधून काढलं. पण तिथे ती शांतता कुणीतरी कापून टाकलीय, गाण्याला गाणं चिकटवलंय. ज्यांनी तेवढंच ऐकलं त्यांना मी काय सांगतेय ते कळायचं नाही.

आजोबांनी हात वर केला होता. “ऐकलंस?” मी टेप थांबवली. “मला म्हणाला. ‘या’ म्हणाला.” मी म्हटलं, “आजोबा, ते हो म्हणाले असतील. जर्मनमध्ये.” “कुणाला?” आजोबा म्हणाले. “हो म्हणायला आधी कुणी विचारावं लागतं. कुणी विचारलेलं ऐकू आलं तुला? लाव परत.” मी लावली. कान लावून ऐकलं. खुर्ची, श्वास, शांतता. कुणीही काही विचारलेलं नव्हतं. “तू असतीस तर ‘ये’ म्हणाला असता,” आजोबा सावकाश म्हणाले, जणू मला धडा समजावतायत. “तुझ्या आईला, सुमनला, ‘ये’. त्याच्या आईला ‘ये’. त्यानं ‘या’ म्हणावं असं माणूस आमच्या घरात एकच उरलं होतं.” धडा तर बरोबर होता, त्यांनीच शिकवलेला.

पुढचे दिवस आजोबा कधी नव्हे ते खुशीत होते. दाढी रोज व्हायला लागली. थालीपीठ स्वतः थापलं, आईला म्हणाले, “आता सुखानं परत जाईन सूनबाई, त्यानं बोलावलं होतं.” आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. “तोंड उघडलंस तर बघ.” “पण आई, ते जर्मन ‘या’ आहे, ‘ja’! स्टुडिओत ते सगळ्यांशी जर्मनच बोलायचे!” “मला कळत नाही का? राहू दे. म्हाताऱ्या माणसाला एवढं मिळालंय.” मी फणकारले, हे खोटं आहे म्हटलं, सतराव्या वर्षी खऱ्याचं फार वेड असतं. पण आत, खरं सांगते, मला वेगळीच भीती होती. ते ‘ja’ असेल तर कुणाला? दुपारी एकटी असले की ती लांब शांतता मला घरात ऐकू यायची, कारखान्याच्या घरघरीच्याही खाली, आणि आता कोणीतरी बोलेल असं वाटून मी रेडिओ लावून ठेवायची. आणि आजोबांनाही तसंच काहीतरी होत असावं. पावाच्या दुकानात माझ्याबरोबर येऊन ते नुसते उभे राहायचे आणि कान देऊन ऐकायचे. दुकानदारीण गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणायची, गिऱ्हाईक ‘या, या’ म्हणायचं. परत येताना ते एक शब्द बोलायचे नाहीत. खुशी उतरत चालली होती हे मला दिसत होतं.

रविवारी दुपारी डीटर निवड पक्की करायला आला. आईने कॉफी केली, श्रीखंडाच्या वाट्या भरल्या. डीटर यादी वाचत गेला, मी आजोबांना सांगत गेले, सगळं सुरळीत चाललं होतं. मग तो म्हणाला, “शेवटच्या टेपवरची मधली बडबड मी कापतो. ती नुसती माझ्याशी चाललेली बोलणी आहेत.” मी ते भाषांतर केलं नाही. आजोबांनी डीटरच्या बोटांची कात्री बघितली होती. “काय कापतोय?” त्यांनी विचारलं. आई म्हणाली, “काही नाही अण्णा, श्रीखंड घ्या.” “सूनबाई, मी मिनीला विचारतोय.” मी सांगितलं. आजोबांनी वाटी बाजूला सारली. “त्याला विचार, सुधाकर ‘या’ म्हणाला त्याच्या आधी काय झालं. आणि तो जसं बोलेल तसं सांग. साखर घालू नकोस. मला शेंडी लावलीस तर मला कळेल.” आई माझ्याकडे बघत होती. मान हलवत होती, नको म्हणून. पण आजोबा वाट बघत होते, आणि विचारणारे तेच होते. मी डीटरला विचारलं.

डीटरने कप खाली ठेवला. तो काचेपलीकडे बसलेला, त्याने सांगितलं. त्याचं बोलणं बाबांच्या कानातल्या हेडफोनमध्ये जायचं, टेपवर जायचं नाही. म्हणून ऐकू येत नाही. “मी विचारलं, डॉक, आणखी एक होईल का? तो बराच वेळ बोललाच नाही. मला वाटलं, पुरे करावं. मग म्हणाला, ja. मी म्हटलं, नक्की? दम आहे? तर म्हणाला, ja, ja. आणि हे वाजवलं.” त्याचे डोळे भरून आले होते. “मी विचारायला नको होतं.” मी एकेक वाक्य मराठीत केलं. जसंच्या तसं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

आजोबा काही वेळ टेबलक्लॉथवरून हात फिरवत राहिले. “म्हणजे हो म्हणाला,” ते म्हणाले. “ह्यानं विचारलं, आणि तो हो म्हणाला.” “हो,” मी म्हटलं. “मला नव्हे.” आजोबा म्हणाले. “बरं झालं सांगितलंस. मला पावाच्या दुकानातच वाटलं होतं.” त्यांनी हसायचा प्रयत्न केला, आणि ते हसू बघवेना. माझ्या मनात आलं, आता हा माणूस इथून मिरजेपर्यंत विमानात एकटा बसणार आणि हे असं घेऊन जाणार, आणि हे मी केलंय.

आणि तेव्हा आई बोलली. इतक्या वर्षांत तिने सासऱ्यांपुढे आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. “बोलावणार कसे हो ते तुम्हाला?” ती म्हणाली. “प्रत्येक फोननंतर मी भांडायची, म्हणा ना एकदा या. तर म्हणायचे, मी कुणाला अडवलंय? मी मिरजेला गेलो तर आता कशाला आलास म्हणाले. आता यायचं असेल तर त्यांनी विचारावं. एकदा येऊ का म्हणू दे अण्णांना. तुम्ही तिकडे ‘या’ची वाट बघत बसलात आणि हे इकडे ‘येऊ का’ची. आणि मी मधे, रिसीव्हर धरून!” एवढं बोलून तिने पदर तोंडाला लावला. डीटरला काही कळलं नव्हतं, पण तो उठून खिडकीशी गेला, जिथे बाबा उभे राहायचे नेमका तिथे, आणि पाठमोरा उभा राहिला.

“असं म्हणायचा?” आजोबांनी विचारलं. आईने मान डोलावली. “येऊ का, एवढंच विचारायचं होतं?” “एवढंच अण्णा.” आजोबांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, अगदी व्यवस्थित, साथीला बसण्याआधी पुसतात तसं. मग मला म्हणाले, “मिने, ती लाव.” मी म्हटलं, “आजोबा, नको आता.” “लाव म्हणतो ना.”

मी कॅसेट घातली आणि आधीच्या गाण्याच्या शेवटापाशी आणून सोडली. ते संपलं. खुर्ची करकरली. बाबांचा श्वास आला, अडकला, पुन्हा आला, आणि मग ती शांतता सुरू झाली. आईने डोळे मिटले होते. आजोबा खुर्चीतून उठले. स्पीकरसमोर जाऊन उभे राहिले, दोन्ही हात जोडल्यासारखे पुढे धरून, आणि दबक्या आवाजात, दारात उभा असलेला पाहुणा विचारतो तसं त्यांनी विचारलं, “सुधाकर, येऊ का रे?”

टेप फिरत होती. खाली फ्राऊ केसलरकडे काहीच वाजत नव्हतं.

“या,” बाबा म्हणाले.

आजोबा आणखी एक पाऊल पुढे झाले. “येऊ ना? नक्की?”

“या… या.”

“आलो बाळा,” आजोबा म्हणाले, आणि गाणं सुरू झालं.